वाडीपर्यंतचा आवाज

सत्यवती चालत होती आणि तिच्या पाठीमागं तिचा नवरा ठेसनांची नावं घेत होता. विकाराबाद. जहिराबाद. बिदर. भालकी. भालकीनंतर तो थांबायचा, घसा साफ करायचा आणि पुन्हा विकाराबादपासून सुरू करायचा.

हैद्राबादेत विद्यानगरच्या पलीकडं तेव्हा वस्ती विरळ होती. बंगले संपले की खडकाळ माळ लागायचा, मग सीताफळीची झुडपं, मग पुन्हा माळ. हिम्मतरावानं दगडांच्या ढिगात एक वासा रोवून त्याला भोंगा बांधला होता. खाली आवाज वाढवायच्या पेटीपाशी उकिडवा बसून तो माईकमध्ये बोलत होता. सत्यवतीचं काम सोपं होतं. आवाजाकडं पाठ करून चालायचं, नाव कळलं की हात वर करायचा. कळेनासं झालं की तिथंच थांबून जमिनीवर दगड ठेवायचा.

एका भोंग्याचा दगड तिनं झुडपांच्या अलीकडं ठेवला. मग परत येऊन पाणी प्याली. हिम्मतरावानं त्याच पेटीला दुसरा भोंगा जोडला, दोन्हींची तोंडं एकाच दिशेला केली आणि तिला पुन्हा पाठवलं. उन्हानं टाच भाजत होती. वहाणेचा अंगठा सकाळीच तुटला होता. झुडपं गाठली, थोडी ओलांडली आणि नावं विरघळली. तिनं दुसरा दगड ठेवला.

हिम्मतराव स्वतः बघायला आला. एका दगडाकडं बघितलं, दुसऱ्याकडं बघितलं.

"येवढंच?"

"येवढंच."

"अगं, भोंगे दोन झाले. दुप्पट लांब जायला पायजे का न्हाई?"

"मला काय इचारता? कानाला जे आलं ते सांगितलं."

"तू नीट ऐकत न्हाईस." तो म्हणाला आणि लगेच मान खाली घालून पेटीकडं चालू लागला. त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं चिकटली होती. पाठीची हाडं दिसत होती. वर्षाच्या आत हा माणूस एवढा वाळला कधी, असं तिच्या मनात आलं. तिनं वासा उपटायला हात लावला.

नल्लकुंट्याच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत भोंगे, तारांची वेटोळी, बॅटऱ्या आणि ग्रामोफोन. मागच्या खोलीत चूल आणि संसार. हिम्मतराव मूळचा शेतकऱ्याचा. धाकट्या भावांवर जमीन सोपवून हैद्राबादला आला आणि लग्नकार्यात, सभेत भोंगे लावून द्यायचा धंदा त्यानं धरला. पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं आणि धंद्याला उधाण आलं. ज्याला त्याला सभा घ्यायची होती. ज्यांची तोंडं इतकी वर्षं बंद होती त्यांना सगळ्यांना एकदमच बोलायचं होतं. सत्यवती नवऱ्याबरोबर तारा ओढायची, शिडी धरायची, बॅटरीचं दुसरं टोक उचलायची. तेजाबाचे थेंब उडून तिच्या लुगड्यांना भोकं पडली होती. नळावरच्या बायका त्या भोकांकडं बघून हसायच्या. "काय गं, भोंगेवाल्याची बायकू रोज माळावर हात वर करून चालती म्हणं, खरं का?"

ती घागर भरून निघून यायची. काय सांगणार?

सांगायचं ते गेल्या वैशाखातलं होतं.

सत्यवतीचं माहेर आंबेसांगवी, मांजरा नदीच्या काठी. चुलत बहिणीचं, कमलचं लग्न होतं. हिम्मतरावानं हौसेनं पेटी, बॅटरी आणि दोन भोंगे भालकीपर्यंत रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं नेले. सासुरवाडीत भोंगा पहिल्यांदाच वाजणार होता. नदीच्या पलीकडं अर्ध्या कोसावर गव्हाळवाडी. सत्यवतीचा धाकटा भाऊ उमाजी बायकोला घेऊन तिकडंच मळ्यात राहायचा. वाडीची माणसं दुपारच्या पंगतीला येणार होती.

दिवस वाईट होते. रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. अक्षता पडल्या आणि एक गुराखी धापा टाकत मांडवात शिरला. पलीकडच्या गाडीवाटेनं घोडेस्वार येत होते, बंदुकीवाले. वाडीकडनं नदीच्या उताराला यायची वाट तीच.

मांडव क्षणात रिकामा झाला. बायका-पोरं घराघरांत शिरली. हिम्मतराव पेटीजवळ धावला. पण सकाळपासून वऱ्हाडाला हाका देऊन त्याचा घसा बसला होता. नुसता वारा येत होता. त्यानं माईक सत्यवतीच्या हातात दिला. "तू बोल. तुझा आवाज बारीक हाय, लांब जातो."

ती ओरडली. "उमाजी, निघू नगंस! वाटंला येऊ नगंस! उसात शीर!" हिम्मतरावानं पेटीवरची आवाजाची खुंटी पार शेवटापर्यंत पिळली. भोंगा किंचाळायला लागला. तिनं पुन्हा पुन्हा तेच म्हटलं. त्यानं गावाकडं तोंड केलेला भोंगा सोडला, खांद्यावर टाकून आणला आणि पहिल्याशेजारी बांधला. तार दातानं सोलली. उन्हाच्या लाटांतून पलीकडं वाडीच्या बाहेर एक पांढरा ठिपका आलेला तिला दिसला. ठिपका गाडीवाटेला लागला. ती ओरडत राहिली. ठिपका थांबला नाही. बाभळींच्या आड गेला. मग दोन बार ऐकू आले. ते मात्र अगदी स्वच्छ ऐकू आले, भोंग्याशिवाय.

उमाजीला उताराच्या तोंडाशीच पाडलं होतं.

त्यावर दोघांत फारसं बोलणं झालं नाही. हैद्राबादला परतल्यावर दिवसकार्याच्या थकव्यातच हिम्मतराव एकदा जेवता जेवता म्हणाला, "आवाज कमी पडला." एवढंच. तिनंही ते धरलं. आवाज कमी पडला. पेटी लहान, भोंगे दोनच. वाडी अर्धा कोस. यात कुणाची चूक नव्हती. चूक असलीच तर पेटीची होती. हे म्हणता येत होतं म्हणून तर दोघांच्या घशाखाली घास उतरत होता. फक्त हिम्मतरावाला ते तिथं सोडता आलं नाही. पेटी किती मोठी असती तर? भोंगे किती असते तर?

आणि सत्यवतीला माळावर चालायला लागायचं. नाव ऐकू येणं आणि न येणं यांच्या मधे एक पट्टा असायचा. तिथं आवाज असायचा, पण कुणाचा ते कळायचं नाही. पुरुषाचा की बाईचा तेही कळायचं नाही. त्या पट्ट्यात पाऊल पडलं की तिला नवऱ्याच्या आवाजाच्या जागी आपलाच आवाज ऐकू यायचा. किंचाळणारा, पत्र्यासारखा. तिचा वर केलेला हात जड व्हायचा. मागं वळून बघावं तर नवरा लांब, काडीएवढा, उकिडवा बसलेला. ती दगड ठेवायची आणि झपाझप परत फिरायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला नारायणगुड्यात एका पक्षाची सभा होती. प्रतापराव नावाचे वकील व्यवस्था बघत होते. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त लोटली. मागची माणसं ओरडायला लागली, ऐकू येत नाही म्हणून. प्रतापराव घामाघूम होऊन पेटीजवळ आले आणि शंभर माणसांसमोर म्हणाले, "हा भोंगा आणलाय का पिपाणी? आवाज नसेल तर आधी सांगायचं होतं!"

हिम्मतरावाचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या कुणाला तो अपमानाचा वाटला असता. सत्यवतीला माहीत होतं, त्यानं वकिलाचं बोलणं ऐकलंच नव्हतं. त्यानं फक्त 'ऐकू येत नाही' एवढंच ऐकलं होतं. त्यानं खुंटी पिळली. भोंगे शिट्टी घालायला लागले, लोकांनी कान झाकले, तरी तो पिळत राहिला. शेवटी सत्यवतीनंच त्याचं मनगट धरून हात बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे मुकुंदराव आले. ते रेडिओच्या ठेसनात यंत्रांवर नोकरीला होते. घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी, बोलणं शांत. सभेला तेही होते.

"हिम्मतराव, भोंगे वाढवून किती वाढवाल?" ते उंबऱ्यावर बसत म्हणाले. "कानाचा हिशेब वेगळा असतो. एक माणूस ओरडतोय. शेजारी दुसरा उभा केला. आवाज दुप्पट वाटतो का तुम्हाला?"

हिम्मतरावानं विचार केला. "थोडा भरल्यासारखा वाटतो."

"बस. तेवढाच. आम्ही तो डेसिबलात मोजतो. पेटीची ताकद दुप्पट केली की तीन डेसिबल वाढतात. तीन म्हणजे कानाला नुसतं कळतं, की हां, वाढलाय. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात आणि त्याला ताकद लागते दहापट. म्हणजे दोघांच्या जागी दहा माणसं."

"आन् भोंगे?"

"पेटी तीच ठेवून भोंगे जोडले तर आहे ती ताकदच वाटली जाते. तोंडं एका दिशेला असली तर समोर थोडा फायदा होतो. तोही मोजकाच. शिवाय उघड्या रानात माणूस दुप्पट लांब गेला की आवाज सहा डेसिबलांनी पडतो. तेवढा भरून काढायचा तर ताकद चौपट हवी."

सत्यवती दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला आकडे कळले नाहीत, पण माळावरचे दगड कळले. ते इतके जवळजवळ का पडत होते ते कळलं. तिला वाटलं, आता हा माणूस सुटला. कितीही केलं असतं तरी पुरलं नसतं, हे जाणत्या माणसानं सांगितलं.

हिम्मतराव मात्र खाली बघून पुटपुटत होता. "चौपट... मंजी मोठी पेटी पायजे."

मुकुंदराव उठले. मग जाता जाता म्हणाले, "आणि वहिनींना ती ठेसनांची नावं ऐकवू नका. पाठ असलेलं अर्धवट ऐकलं तरी माणूस पुरं करून घेतं. कान आठवणीचा आधार घेतो. वर्तमानपत्रातलं काहीतरी वाचा. ते कळलं तर खरं."

त्याच आठवड्यात ग्रामोफोन घराबाहेर गेला. लष्कराच्या मोडीत निघालेली एक मोठी पेटी मस्तानभाईंकडं आली होती, तिच्या बदल्यात हिम्मतरावानं तो आणि जुनी पेटी देऊन टाकली. मस्तानभाईंचं नारायणगुड्यात बॅटऱ्या भरायचं दुकान होतं. सत्यवती पेटी आणायला बरोबर गेली होती. म्हाताऱ्यानं तिला स्टूल दिलं.

"किती दूर पहुंचाना है आवाज?" त्यांनी हिम्मतरावाला विचारलं.

"अर्धा कोस."

"इत्ता दूर कौन बैठा है?"

हिम्मतराव पेटीच्या तारा तपासत राहिला. सत्यवतीच म्हणाली, "भाई होता मेरा. वैशाखात गेला. रझाकारानं."

मस्तानभाईंचा हात बॅटरीवर तसाच राहिला. दुकानात पाण्याचे थेंब पडल्यासारखा तेजाबाचा बुडबुड आवाज होत होता. "मेरी बहन उदगीर की तरफ थी, बेटा," ते म्हणाले. "पोलीस ॲक्शन के बाद उदर से कुछ बी आवाज नै आया. ना उसका, ना बच्चों का." त्यांनी फडक्यानं हात पुसले. "ले जाओ. अच्छी मशीन है."

परत येताना हातगाडीचा एक दांडा तिच्या हातात होता, एक नवऱ्याच्या. ती पेटी भलतीच जड होती. बरकतपुऱ्याच्या चढाला दोघांनी ती ढकलत नेली. म्हाताऱ्याच्या बहिणीला कुणी हाक दिली असेल का, दिली असेल तर ती किती लांबून, हे तिच्या डोक्यातून जाईना.

मोठी पेटी आणि चार भोंगे. माळावरचा दगड लांब गेला, पण हिम्मतरावाला हवा होता तेवढा नाही. तो वर्तमानपत्रातले सरकीचे भाव वाचायचा. तिला आवाज यायचा, भाव कळायचे नाहीत. ती हात खाली ठेवायची. लांबून तो हातवारे करून विचारायचा आणि ती मान हलवायची.

एका संध्याकाळी ती वासा खांद्यावरनं उतरवताना म्हणाली, "अवं, आता पुरं करा की. तो काय परत येणार हाय व्हय?"

"येणार न्हाई," तो म्हणाला. "पर मला कळू तर दे. किती पायजे हुता ते."

श्रावणाच्या सुरुवातीला आंबेसांगवीहून एकनाथराव आले. कमलचे वडील, सत्यवतीचे चुलते. गावात पंधरा ऑगस्टला झेंडा लावायचा होता. गेल्या साली त्या तारखेला गाव भीतीनं गप्प होतं. यंदा सगळ्या पंचक्रोशीला बोलवायचं ठरलं होतं. "भोंगा आपल्या जावयाचाच पायजे," ते म्हणाले आणि मग सत्यवतीचं तोंड बघून अडखळले. "मंजी... तुमाला जमत आसंल तर."

"जमतंय की," हिम्मतराव म्हणाला, इतक्या घाईनं की एकनाथरावांनी मान वर करून बघितलं.

सत्यवतीनं त्या रात्रीचा स्वयंपाक मुकाट्यानं केला. गेल्या सालच्या वैशाखानंतर ती माहेरी गेली नव्हती. भावजय एकटी पलीकडं मळ्यात राहते, राबते, एवढं कानावर होतं. तिच्यासमोर कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

झेंड्याच्या आदल्या दिवशी ते पोचले. भालकीपासून पुढं चिखल. गाडीचं चाक दोनदा रुतलं, दोघंही गुडघाभर चिखलात उतरून रेटत होती. आकाश झाकलेलं, पाऊस नव्हता, पण हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. गावात पोचताच हिम्मतरावानं पाणीही घेतलं नाही. त्यानं चावडीपुढची जागा सोडून थेट जुन्या मांडवाची जागा गाठली, नदीच्या उंचवट्यावरची. चारही भोंगे नदीकडं तोंड करून बांधले. एकनाथराव म्हणाले, "जावईबापू, माणसं तर इकडं बसणार." त्यानं ऐकलं नाही.

"तू वाडीला जा," तो सत्यवतीला म्हणाला. "उमाजीच्या मळ्यात हुबी ऱ्हा."

नदीला पाणी होतं. गूळ करायच्या काहिलीत बसून, गावच्या भोयाच्या हातानं ती पलीकडं गेली. उतार चढली. बाभळी आल्या. तिथं तिनं पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि खाली बघत गाडीवाटेनं चालत राहिली. हीच वाट. तो वाडीकडनं नदीकडं आला होता. ती नदीकडनं वाडीकडं चालली होती.

भावजय मालनबाई उडदात खुरपत होती. शेजारी तिची तान्ही पोर, प्रमिला, बांधावर धडप्यावर झोपवलेली. उमाजी गेला तेव्हा ही पोटात होती. मालननं मान वर केली. जराशी हडकली होती. कपाळ मोकळं.

"आलात, अक्का?" ती म्हणाली. जशी कालच भेट झाली असावी.

सत्यवतीला रडू फुटेल असं वाटलं होतं. फुटलं नाही. तिनं बांधावरचं दुसरं खुरपं घेतलं आणि भावजयीच्या शेजारच्या ओळीत बसली. थोडा वेळ दोघी नुसत्या खुरपत राहिल्या. ओल्या मातीचा चिकटा बोटांत बसत होता. हरळीच्या मुळ्या लांबलचक निघत होत्या.

"दाजींनी भोंगं आणलेत म्हणं," मालन म्हणाली.

"व्हय. उद्याच्याला."

तेवढ्यात आवाज आला.

नदीवरनं आला तो लोळासारखा आला. पोर दचकून जागी झाली. लिंबावरची पाखरं उडाली. हिम्मतरावाचा आवाज होता हे कळत होतं आणि तो जोरात बोलतोय हेही कळत होतं. पण वाडीच्या मागं नदीची जुनी दरड होती, ताठ, भिंतीसारखी. आवाज तिच्यावर आदळून परत येत होता आणि पुढच्या शब्दावर बसत होता. भोंगे चार झाले होते. पेटी मोठी झाली होती. त्यानं बोलणं मोठं झालं तसा दरडीचा परत फिरलेला आवाजही मोठा झाला होता. सत्यवतीनं कान टवकारले. एक शब्द हाताला लागेना.

"काय म्हणतेत?" मालननं विचारलं. पोरीला तिनं मांडीवर घेतलं होतं.

"कळंना."

"त्या दिशी बी असंच."

सत्यवतीचं खुरपं मातीत तसंच राहिलं. "त्या दिशी?"

"लगनाच्या. ह्याच्यापरास बारीक हुता आवाज. पर आलता की."

"आवाज... आलता?"

"आलता की, अक्का. तुमचाच हुता. म्या म्हणलं, कोण वरडायलंय गं बाई. त्येनी ह्या बांधावर हुबं ऱ्हाऊन ऐकलं." मालन सावकाश बोलत होती, रागानं नव्हे, दुःखानंही नव्हे, जे घडलं ते ओळीनं सांगावं तसं. "म्हणले, अक्का बोलवायली. पंगत बसली वाटतं, आपल्याचसाठी खोळंबलेत. धुतलेला सदरा काढला. म्या म्हणलं, मी आवरते, संगं जाऊ. तर म्हणले, तू ये मागनं सावकाश, अक्का लैच हाका मारायली, मी हुतो पुढं."

दरडीवरनं आवाज येत राहिला. सत्यवतीला तो पांढरा ठिपका पुन्हा दिसला. आणि आता तिला आठवलं, जे तिनं त्या दिवशीही बघितलं होतं आणि वर्षभर बघितलं नव्हतं. ती जितकी ओरडली होती तितका तो ठिपका भराभरा आला होता. शेवटी शेवटी तो पळत होता.

आवाज कमी पडला नव्हता. पोचला होता.

तिनं दोन्ही हातांनी माती धरली. मालन तिच्याकडं बघत होती.

"अक्का," मालन म्हणाली, "मला कुणी सांगितलं न्हाई कधी. तुमी काय म्हणत हुता?"

इतक्या लोकांत, इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. सत्यवतीनं पदरानं तोंड पुसलं. मग तिनं सांगितलं, अगदी हळू, शेजारच्या माणसाला सांगावं तेवढ्याच आवाजात.

"उमाजी, निघू नगंस. वाटंला येऊ नगंस. उसात शीर."

मालननं मान हलवली. तेच शब्द तिनं ओठांतल्या ओठांत मोजून घेतले. पोर तिच्या बोटाशी खेळत होती.

"ऊस हितंच हुता," ती म्हणाली. "आपुन बसलाव तितं. औंदा उडीद केलाय."

सत्यवती उडदाच्या ओळींकडं बघत राहिली. मग मालननं पोरीला तिच्या मांडीवर दिलं आणि स्वतः पुढची ओळ धरली. पोर जड होती, अंगाला दुधाचा वास येत होता. तिच्या भुवया थेट उमाजीसारख्या, मधे जुळलेल्या. सत्यवतीनं तिच्या टाळूवर तोंड ठेवलं आणि मग ती रडली. नदीवरनं तिचा नवरा सरकीचे भाव सांगत राहिला.

परतताना काहिलीत तिनं ठरवलं होतं की काही सांगायचं नाही. हिम्मतराव काठावर पाण्यात उतरून वाट बघत होता. धोतर मांडीपर्यंत भिजलेलं.

"ऐकू आलं?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. गालांची हाडं वर आलेली, डोळे तिच्या तोंडावर चिकटलेले. याला 'नाही' म्हटलं तर हा आणखी भोंगे आणील. 'हो' म्हटलं तर मोडून पडेल. पण वर्षभर त्यानं एकच गोष्ट मागितली होती.

"आवाज येतो," ती म्हणाली. "बोल कळत न्हाईत. मागं दरड हाय. जितका मोठा कराल तितका जास्त घुमतो." आणि थोडं थांबून, "त्या दिशी बी आलता. कळला न्हाई."

तो तसाच उभा राहिला. पाणी त्याच्या पिंढऱ्यांना वळसा घालून जात होतं.

"मग त्यो..." तो म्हणाला. "त्यो काय समजून निघाला?"

तिनं नजर पलीकडच्या बाभळींकडं नेली. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही. मग तो म्हणाला, "माईक मी दिला तुज्या हातात."

"दिला. मी घेतला."

"खुंटी म्या पिळली."

"व्हय."

तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला पाण्याबाहेर काढलं. तो काठावर बसला. अंधार पडायच्या आत त्यानं चारही भोंगे उतरवले. हातांची घाई गेली होती. एकेक गाठ तो म्हाताऱ्या माणसासारखा सोडत होता. सत्यवती खाली उभी राहून भोंगे हातात घेत होती.

सकाळी चावडीपुढं एकच भोंगा होता, माणसांकडं तोंड केलेला. पंचक्रोशी लोटली होती. झेंडा वर गेला, ओल्या कापडाची घडी उलगडायला वेळ लागला. टाळ्या झाल्या. मग तालुक्याहून आलेले पाहुणे भाषणाला उभे राहिले. मागची माणसं कुरकुरायला लागली. एकनाथराव पेटीकडं बघून हातानं खुणा करत होते, वाढवा, वाढवा. हिम्मतराव खुंटीवर हात ठेवून बसला होता. त्यानं ती जराशी फिरवली, पुढच्या ओळी सुखानं ऐकतील एवढी, आणि हात काढून मांडीवर ठेवला. एकनाथरावांनी पुन्हा खूण केली. त्यानं मान हलवली. नाही.

मालनबाई उशिरा आली. पोरीला कडेवर घेऊन, बायकांच्याही मागं, पार वेशीच्या कोपऱ्याशी उभी राहिली. त्या जागी भाषण म्हणजे नुसती गुणगुण होती. सत्यवती पुढच्या बायकांतून उठली आणि माणसांच्या कडेकडेनं तिच्यापाशी गेली.

"काय म्हणतेत?" मालननं विचारलं.

"हितं कळायचं न्हाई," सत्यवती म्हणाली. तिनं पोरीला आपल्या कडेवर घेतलं, भावजयीचा हात धरला आणि लोकांमधनं वाट काढत तिला पुढं घेऊन गेली.